पावणेपाच, सव्वापाच

"भौतिकशास्त्र विभाग. प्राध्यापक, एक जागा. शैक्षणिक अर्हता नियमाप्रमाणे. रिक्तरुची उमेदवारांस प्राधान्य."

बागलाण विद्यापीठाची ही जाहिरात हर्षदा खैरनारने आपल्या चष्म्याच्या दुकानात बसून वाचली आणि तिला हसू आवरेना. तिच्या लग्नाच्या वेळी मुलीकडची माणसं मुलाला कसला नाद तर नाही ना, याची गावभर चौकशी करायची. आता विद्यापीठंही तीच चौकशी करू लागली होती. तिच्या घरच्यांनीही केली होती म्हणा. मुलगा निर्व्यसनी आहे, शिकलेला आहे, असं झाडून सगळ्यांनी सांगितलं. डोंगरातल्या बोगद्यात टांगलेल्या दोन सोन्याच्या गोळ्यांबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही.

'रिक्तरुची' म्हणजे हुशार, मेहनती, पदव्यांनी लगडलेला, पण एकाही प्रश्नाने ज्याची झोप कधी उडाली नाही असा माणूस. असे प्राध्यापक पूर्वीही होते, भरपूर होते. फक्त ती गोष्ट चारचौघांत सांगायची नसायची. आता तीच पात्रता ठरली होती. कारण एका प्राध्यापकाची संशोधनाची ओढ काढून दुसऱ्यात घालता येऊ लागली होती, आणि त्यासाठी घेणाऱ्याचं भांडं रिकामं लागे. या प्रक्रियेचं कागदोपत्री नाव 'रुची-संक्रमण'. पण विद्यापीठात शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे 'ओढ उतरवणं' असंच म्हणत, लहान मुलाची दृष्ट उतरवावी तसं.

आणि या जाहिरातीतली ओढ उतरवायची होती ती हर्षदाच्या नवऱ्याची.

प्राध्यापक भूषण खैरनार दोन महिन्यांनी बासष्ट पूर्ण करणार होते. नियम कडक होता: बासष्टनंतर प्रयोगशाळेची किल्ली परत करायची. भूषणचा प्रयोग संपायला अजून चार वर्षं होती.

या प्रयोगापायी हर्षदाने अर्धा संसार एकटीने केला होता. भूषणने तो तिला लग्नाआधी, तिच्याच दुकानात, दोऱ्याला एक चष्मा आडवा टांगून समजावला होता. अर्धवट सोडलेल्या कालव्याच्या बोगद्यात, डोंगराच्या पोटात, केसाहून बारीक स्फटिकाच्या तंतूला एक दांडी टांगलेली. दांडीच्या दोन टोकांना बोराएवढ्या दोन सोन्याच्या गोळ्या. शेजारी शिशाचे जड गोळे आणून ठेवले की सोन्याच्या गोळ्या त्यांच्याकडे ओढल्या जातात आणि तंतूला किंचित पीळ पडतो. किती पडला त्यावरून गुरुत्वाकर्षणाची ताकद कळते, म्हणून भूषण या सगळ्याला तराजू म्हणायचा. ही ताकद कायम एकच असते, असं सगळं जग धरून चालतं. भूषणला तसं वाटत नव्हतं. त्याच्या मते ती श्वास घेत होती. एकोणीस वर्षांत एकदा किंचित वाढायची, किंचित कमी व्हायची.

"मग एकोणीस वर्षं मोजायचं?" तेव्हा तिने विचारलं होतं.

"एक श्वास म्हणजे योगायोगही असेल. दोन पाहिजेत."

अडतीस वर्षं. हा माणूस अठ्ठावीस वर्षांचा होता आणि अडतीस वर्षांनंतरच्या उत्तराबद्दल असा बोलत होता, जणू उत्तर पुढच्या मंगळवारी येणार आहे. चष्म्यामागचे त्याचे डोळे असे लकाकत होते, की रोज वीस जणांचे डोळे तपासणारी हर्षदाही बघत राहिली. तिथेच ती फसली.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी तो तिला बोगद्यात घेऊन गेला. सहलीला नव्हे, कामाला.

"शास्त्रज्ञाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे त्याची स्वतःची इच्छा," तो म्हणाला. "मला ती लाट दिसावी असं इतकं वाटतंय, की मी नसलेली लाटही बघेन. म्हणून यंत्राने मला फसवायला हवं. तू एक सहा आकडी संख्या निवड. ती वापरून यंत्र खऱ्या नोंदींवर एक खोटी लाट चढवेल. मला दिसेल ती दोन्हींची खिचडी. अडतीस वर्षांनी तू तो आकडा परत घालशील, खोटी लाट उतरेल, आणि खाली खरंच काही आहे का ते तेव्हा कळेल. तोवर मला सांगायचं नाही. मेलीस तरी."

"मेले तर कोण सांगेल?"

"कागदावर लिहून पाकिटात घाल, कुलसचिवांच्या तिजोरीत ठेव. पण मरू नकोस."

शास्त्रज्ञांत ही पद्धत जुनीच होती. त्या आकड्याला ते 'चोर-आकडा' म्हणत. भूषण बोगद्याबाहेर जाऊन करवंदाच्या जाळीपाशी पाठमोरा उभा राहिला आणि हर्षदाने क्षणभरही विचार न करता सहा आकडे टाकले: ४७५५२५. डावा डोळा पावणेपाच, उजवा सव्वापाच. भूषण पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा स्वतःच्याच चष्म्यावर बसून आला होता, आणि तिने त्याला करून दिलेल्या पहिल्या चष्म्याचा तो नंबर होता.

दुसरा कोणी असता तर आठवड्यात ओळखता. पण या गृहस्थाला स्वतःच्या चष्म्याचा नंबर उभ्या आयुष्यात पाठ झाला नाही. हर्षदाने मनात एक गोष्ट ठरवून टाकली. तो दिवस उगवेल, आकडा जाहीर होईल, तेव्हा याचा चेहरा कसा होतो ते बघायचं. बोगद्याने तिच्याकडून किती दिवाळ्या, किती वाढदिवस नेले याची तिने मोजदाद ठेवली नाही. तेवढा एक चेहरा बघायला मिळाला की सगळं भरून पावलं, असं ती स्वतःला सांगायची.

* * *

"म्हणजे याचं ज्ञान या जागेवर येणाऱ्या मुलीच्या डोक्यात जाणार?" हर्षदाने विचारलं.

समोर डॉ. मेहजबीन काझी बसल्या होत्या, मेंदूविज्ञान विभागाच्या प्रमुख. रुची-संक्रमणाचा शोध त्यांचा. टेबलावर संमतिपत्र होतं, शेजारच्या खुर्चीत भूषण होता.

"ज्ञान पुस्तकांत आहे, ते तिने वाचलंय. आठवणीही जात नाहीत, त्या सरांच्याच राहतात," काझी म्हणाल्या. "जाते ती फक्त ओढ. सकाळी जाग आल्या आल्या माणूस ज्या गोष्टीकडे वळतो ना, ते वळणं. मेंदूत त्याचा एक ठरावीक कंप असतो. तो आम्ही वाचतो आणि दुसऱ्या मेंदूत उठवतो."

"विरजणासारखं."

"विरजण काढून घेतलं तरी मूळ दही उरतं, हर्षदाताई. इथे उरत नाही. तो कंप इतका नाजूक असतो की वाचायला गेलं की मोडतो."

"निसर्गाचा नियमच आहे," भूषणने पुस्ती जोडली. असल्या वेळीही त्याला समजावून सांगायचा मोह आवरत नव्हता. "अतिसूक्ष्म जगात काही अवस्थांची दुसरी प्रत निघतच नाही. फक्त जागा बदलते. एक तर इकडे, नाही तर तिकडे."

"आणखी एक सांगते," काझी म्हणाल्या. "ओढीची मुळं कुठवर पसरलीत ते आधी दिसत नाही. एका वनस्पतीच्या प्राध्यापकांची ओढ काढली, तर त्यांचं चालणंच बंद झालं. झाडं बघायलाच चालायचे ते. म्हणून आम्ही जोडीदाराची सही घेतो."

"यंत्र आपोआप नोंदी घेतंय की," हर्षदा म्हणाली. "मग माणूस वेडाच कशाला पाहिजे?"

यावर भूषणने वारुळाची गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी तो आजारी असताना एका सहायकाकडे काम होतं. सहायक चांगला होता, वेळेवर यायचा, वेळेवर जायचा. नोंदी हळूहळू एका बाजूला कलत होत्या आणि तो त्या नीट लिहून ठेवत होता. भूषण परत आला, आकडे बघितले आणि तसाच बोगद्याबाहेर पळाला. तोंडाशी उजव्या अंगाला वारूळ वाढलं होतं, आणि त्या मातीच्या ढिगाकडे त्याच्या सोन्याच्या गोळ्या ओढल्या जात होत्या.

"आकडा यंत्र घेतं," तो म्हणाला. "आकडा खोटं बोलतोय हे कळायला मात्र कोणीतरी खुळा लागतो. तसा कोणी नसेल तर बोगदा डाळिंबवाल्यांच्या शीतगृहाला द्यायचं ठरलंय."

जागेसाठी निवड झाली होती ओवी शेवाळेची. एकतीस वर्षांची, सगळीकडे पहिली आलेली मुलगी. मुलाखतीत तिने सांगितलं होतं, "मला सगळे विषय समजतात, पण एकही हाक मारत नाही. वर्गातली बाकीची मुलं कशाने तरी झपाटलेली असायची आणि मी त्यांच्या वह्या नीट करून द्यायचे. मला एकदा तरी झपाटून जायचंय." भूषणने घरी येऊन ते हर्षदाला शब्दशः ऐकवलं होतं.

आता तो हर्षदाकडे वळला. "तुला काय वाटतं?"

तिला काय वाटत होतं? चौतीस वर्षं त्या बोगद्याला ती सवत म्हणत आली होती. सवत आपणहून घर सोडून निघाली होती आणि वर प्रयोगही वाचणार होता.

"तुझं तू बघ," ती म्हणाली. "मला तर नवरा परत मिळतोय."

"तराजूला मीच पाहिजे असं काही नाही गं," भूषण हळू म्हणाला. "त्याला कोणीतरी पाहिजे एवढंच." आणि त्याने सही केली.

हर्षदाने 'देणाऱ्याच्या जोडीदाराची हरकत नाही' या ओळीखाली केली. कुरिअरवाल्याच्या कागदावर सही करतानाही ती याहून जास्त वेळ घ्यायची.

प्रक्रियेला तीन तास लागले. भूषण बाहेर आला, खुर्चीत बसला आणि चहा मिळेल का म्हणाला. ओवी बाहेर आली ती बसलीच नाही. तिने बोगद्याचा रस्ता विचारला, परिचारिका अजून दहा मिनिटं थांबायला सांगत होती तेवढ्यात जिना उतरली, आणि खिडकीतून हर्षदाला दिसलं की ती डोंगराकडे चक्क पळत सुटली आहे. डॉ. काझींच्या डोळ्यांत पाणी आलं. एका प्रश्नाला नवा माणूस मिळाला होता, आणि एका माणसाला आयुष्यात पहिल्यांदा प्रश्न. हर्षदाने आनंदाने काझींचा हात दाबला.

* * *

पुढची चार वर्षं हर्षदा मैत्रिणींना सांगत सुटली, की असा नवरा शोधून सापडायचा नाही. भूषण भाजी निवडायला शिकला. तिच्या वाढदिवसाला न सांगता घरी राहिला, कारण जायला दुसरीकडे कुठे नव्हतंच. बोलायला गोड, वागायला सरळ. पूर्वी रोज संध्याकाळी सहाला तो बोगद्यातून थेट दुकानात यायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर भिंग धरलेलं असताना दारातूनच म्हणायचा, "हर्षदा, आज काय झालं माहीत आहे?" ती न बघताच म्हणायची, "नाही. आणि गिऱ्हाईक बसलंय." आता तो घरीच असायचा. दुकानात येण्याचं काही कारणच उरलं नव्हतं.

सहाच्या सुमारास हर्षदाची नजर अजून दाराकडे जायची. चौतीस वर्षांची सवय, जायला वेळ लागणारच, असं ती म्हणायची.

दारात पुष्कळदा ओवी असायची. "काकू, जरा डोळे तपासता?" एकदा तपासले, उत्तम निघाले. महिन्याने परत आली, परत उत्तम. सातव्यांदा आली तेव्हा हर्षदा म्हणाली, "अगं, घारीसारखे डोळे आहेत तुझे. माझ्याकडून चष्मा मिळायची आशा सोड."

"बोगद्यातून निघाले की पाय इकडेच वळतात," ओवी संकोचून म्हणाली. "कशाला ते मलाही कळत नाही." मग ती स्टुलावर बसून तंतूच्या तक्रारी सांगायची. भूकंपमापकात ऊसतोडीच्या गाड्या कशा दिसतात, घुशींनी शिशाच्या गोळ्याखाली बीळ केलं ते तिने निव्वळ आकड्यांवरून कसं ओळखलं. ती झकास काम करत होती. भूषणच्या जुन्या नोंदींतल्या दोन चुकाही तिने शोधून काढल्या. हर्षदाने त्या घरी जाऊन भूषणला सांगितल्या, तो भांडेल या आशेने. "हुशार आहे ती," तो म्हणाला आणि कोथिंबीर निवडत राहिला.

हर्षदाला तेव्हा पहिल्यांदा काहीतरी टोचलं. पण तिने ते बाजूला सारलं. अजून तो दिवस यायचा होता. तो चेहरा बघायचा होता. ओढ गेली असली तरी आठवणी याच्याच आहेत. चष्म्यावर बसलेला तो पोरगा याला आठवतोच की.

* * *

अडतीस वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी सकाळी अकराला विद्यापीठाचं सभागृह ओसंडून वाहत होतं. सात देशांतले शास्त्रज्ञ बाजूच्या पडद्यावर हजर होते. पहिल्या रांगेत भूषण, इस्त्रीच्या सदऱ्यात. मंचावर ओवी, तिच्या मागे मोठ्या पडद्यावर अडतीस वर्षांची खिचडी: वेड्यावाकड्या ठिपक्यांचा पट्टा, कशाचाच काही अर्थ न लागणारा. चोर-आकडा ज्याने लपवला त्यानेच घालायचा, अशी रीत. म्हणून हर्षदाला मंचावर बोलावलं.

तिने एक एक आकडा दाबला आणि मोठ्याने वाचला. चार, सात, पाच. पाच, दोन, पाच.

पडद्यावरचे ठिपके हलले. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी तसा गाळ खाली बसत गेला, आणि वर राहिली ती एक स्वच्छ, देखणी लाट. चढली, उतरली. पुन्हा चढली, पुन्हा उतरली. दोन श्वास.

मग सगळं सभागृह उभं राहिलं. पडद्यावरची परदेशी म्हातारी माणसं टाळ्या वाजवत होती, एक जण उघड रडत होता. शतकानुशतकं अचल मानलेली गोष्ट श्वास घेते, आणि हे कळलं कुठे, तर बागलाणातल्या एका सोडून दिलेल्या बोगद्यात. हर्षदाची छाती अभिमानाने भरून आली. त्या लाटेत तिच्याही दिवाळ्या होत्या, आणि तिला आज एकीचंही वाईट वाटलं नाही.

"मॅडम," कुलगुरूंनी ध्वनिक्षेपक पुढे केला, "हाच आकडा का?"

हाच तो क्षण. हर्षदाने भूषणवर नजर रोखली. "हा प्राध्यापक खैरनारांच्या पहिल्या चष्म्याचा नंबर आहे," ती म्हणाली. "डावा पावणेपाच, उजवा सव्वापाच. मी तो यंत्रात घातला तेव्हा तो त्यांच्या नाकावरच होता."

सभागृह हास्याने दणाणलं. सगळ्या माना भूषणकडे वळल्या. भूषणही हसला. सभ्यपणे, दुसऱ्याच्या घरच्या लग्नात आहेर देताना हसतात तसा. शेजारच्या माणसाकडे वाकून तो काहीतरी म्हणाला. हर्षदा लांब होती, पण आयुष्यभर तो चेहरा वाचत आलेली होती. तिला ओठांवरून कळलं. "असेल," तो म्हणाला होता.

काझींनी सांगितलेली मुळं कुठवर गेली होती, ते तिला तिथे उभ्या उभ्या कळलं. पहिल्या दिवसापासून तिचा आकडा त्या तराजूत होता. त्याच्या ओढीत बोगदा आणि ती कधी वेगळी नव्हतीच. ज्या सवतीला तिने सही करून घालवलं, तिच्याबरोबर ती स्वतःही त्या घरातून निघून गेली होती.

मंचाच्या पायऱ्या तिला नीट दिसेनात. खाली भूषण तिची पर्स सांभाळत उभा होता. "छान झालं हं," तो मनापासून म्हणाला. "जेवणाची रांग वाढायच्या आत जाऊया का?"

तेवढ्यात मागून कोणीतरी गर्दी कापत धावत आलं. ओवी. कुलगुरू तिला हार घालायला शोधत होते, कॅमेरे तिच्या मागे होते आणि ती सगळ्यांना चुकवून इकडे आली होती. तिने हर्षदाचे दोन्ही हात धरले. धाप लागलेली, केस विस्कटलेले, आणि डोळे असे लकाकत होते, की रोज वीस जणांचे डोळे तपासणाऱ्या हर्षदाला ते कुठे पाहिलेत ते आठवावं लागलं नाही.

"काकू," ओवी म्हणाली, "आज काय झालं माहीत आहे?"

हर्षदाने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. तो जेवणाच्या रांगेकडे बघत होता.

"नाही," ती म्हणाली. "सांग."